चर्चमध्ये मधुमेह-प्रतिबंधाचा वर्ग: सीडीसीच्या मान्यतेचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

अमेरिकेतल्या चर्चला आपल्याच स्वयंसेवकांकडून वर्षभराचा मधुमेह-प्रतिबंध वर्ग चालवता येतो, आणि त्याला सीडीसीची, म्हणजे तिथल्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेची, मान्यताही मिळवता येते. अर्जाला फी नाही. वर्ग घेणारा डॉक्टर, नर्स किंवा आहारतज्ज्ञ असावा अशी अटही नाही. अर्ज तसा सोपाच आहे. खरी कसोटी लागते ती पुढचे बारा महिने नोंदी ठेवताना. त्यामुळे वही कोण सांभाळणार हे अर्जाआधीच ठरवा.

या वर्गाचा पाया २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ३,२३४ जणांच्या चाचणीत आहे. आहार आणि हालचाल सुधारलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषध घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. आहार-हालचालीच्या गटातल्या साठीच्या पुढच्यांत तर ही घट ७१ टक्के होती. चर्चमध्ये दर रविवारी नेमाने येणारी मंडळी बरीचशी याच वयाची असतात.

वर्गात कोणाला घेता येतं

वय किमान १८. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २५ किंवा जास्त, पण आशियाई वंशाच्या व्यक्तीसाठी २३. भारतीय कुटुंबं असलेल्या मंडळीत हा फरक हमखास विसरला जातो. साडेपाच फुटांना एक इंच कमी, म्हणजे पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाला २५ च्या हिशेबाने साधारण १५० पौंड लागतात, २३ च्या हिशेबाने १३८. मधल्या बारा पौंडांत बसणाऱ्या आपल्या माणसांना उगाच परत पाठवू नका.

मधुमेह आधीच झालेला असेल किंवा गर्भारपण चालू असेल, तर प्रवेश देता येत नाही. याशिवाय पुढीलपैकी एक गोष्ट हवी: गेल्या वर्षभरातली रक्तचाचणी (उपाशीपोटी साखर १०० ते १२५, किंवा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी चाचणी, ५.७ ते ६.४, किंवा ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १४० ते १९९), पूर्वीच्या गर्भारपणात निदान झालेला मधुमेह, किंवा कागदावरच्या जोखीम-चाचणीत, म्हणजे मधुमेहाचा धोका मोजणाऱ्या प्रश्नावलीत, पुरेसे गुण.

बहुतेक चर्च इथेच फसतात. उपासनेनंतर जोखीम-चाचणीचे कागद वाटले की अर्ध्या तासात वीस नावं जमतात आणि सगळ्यांना आनंद होतो. पण मान्यतेसाठी वर्ग पूर्ण करणाऱ्यांपैकी किमान ३५ टक्के लोक रक्तचाचणीवर किंवा गर्भारपणातल्या मधुमेहाच्या आधारे आलेले असावे लागतात. वर्ष संपताना हे ध्यानात आलं तर काहीच करता येत नाही. नाव घेतानाच चाचणीचा आकडा विचारा. सीडीसीच्या मान्यतेपुरता तोंडी सांगितलेला आकडाही चालतो.

अर्जात काय भरायचं

अर्ज ऑनलाइन असतो. संस्थेचं नाव, प्रत्यक्ष पत्ता आणि प्रकार, जबाबदार व्यक्तींचे संपर्क, वर्ग समोरासमोर की दूरस्थ, सर्वांसाठी की फक्त सभासदांसाठी, आणि अभ्यासक्रम कोणता, हे सगळं त्यात विचारलं जातं. सीडीसीचा ‘प्रिव्हेंट टी-टू’ हा अभ्यासक्रम इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये मोफत मिळतो. तोच घ्या. स्वतःचा बनवून पाठवला तर तो तपासणीला जातो आणि वेळ मोडतो. आधी संस्थेची तयारी तपासणारी प्रश्नावली आहे, तीही प्रामाणिकपणे भरा. मंजुरीनंतर संस्थेला क्रमांक मिळतो आणि सहा महिन्यांच्या आत पहिला वर्ग सुरू करावा लागतो. महाराष्ट्र मंडळ किंवा मंदिर यांनाही हाच अर्ज करता येतो.

माणसं

एक प्रोग्राम कोऑर्डिनेटर आणि वर्ग घेणारा किमान एक लाइफस्टाइल कोच लागतो. कोचचं प्रशिक्षण किमान १२ तासांचं किंवा साधारण दोन दिवसांचं असतं. दोघांना तरी पाठवा, म्हणजे एकजण आजारी पडला तरी वर्ग बंद पडत नाही. निवडताना मंडळीतला उत्तम वक्ता शोधू नका. इथे भाषण द्यायचं नसतं, लोकांना बोलतं करायचं असतं. उपदेशाची सवय असलेला माणूस तासभर स्वतःच बोलतो, आणि तिसऱ्या आठवड्यापासून खुर्च्या रिकाम्या दिसू लागतात. पाळकांनी व्यासपीठावरून आवाहन जरूर करावं, पण वजनांची वही त्यांच्याकडे नको. आपला आकडा पाळकांना दिसणार असेल, तर माणूस काट्यावर उभा राहायला कचरतो.

वेळापत्रक आणि वजन

पहिल्या सहा महिन्यांत किमान १६ सत्रं, पुढच्या सहा महिन्यांत किमान ६, प्रत्येक सुमारे तासाचं. जानेवारीत सुरुवात केली तर सोळा आठवडे एप्रिलच्या शेवटापर्यंत जातात आणि ईस्टरआधीचा पवित्र आठवडा मध्येच येतो. त्या आठवड्याची भरपाई केव्हा, हे आधीच छापून द्या. गळती खरी होते ती दुसऱ्या सहामाहीत, कारण महिन्याचं एक सत्र सहज विसरलं जातं. दोन दिवस आधी फोन करणारा माणूस नेमा.

प्रत्येक सत्राला प्रत्येकाचं वजन पौंडांत नोंदवायचं, सोबत आठवड्यात किती मिनिटं हालचाल झाली तेही. काटा एकच ठेवा, तोही कडक फरशीवर. गालिच्यावर ठेवला तर आकडा चुकतो. पडद्याआड, सत्राआधी, बूट काढून वजन घ्या. प्रीतिभोजनानंतर घेतलेलं वजन फसवं असतं. सुरुवातीला बारा-पंधरा जण असू द्या. मूल्यमापनासाठी किमान पाच जणांनी वर्ग पूर्ण केलेला लागतो. पूर्ण केलेला म्हणजे पहिल्या सहामाहीत किमान आठ सत्रं, आणि पहिल्या व शेवटच्या उपस्थितीत निदान नऊ महिन्यांचं अंतर.

दर सहा महिन्यांनी ही माहिती सीडीसीला पाठवायची. नावं पाठवायची नाहीत, प्रत्येकाला दिलेला क्रमांक पाठवायचा. नाव आणि क्रमांकाची जोडयादी कुलपात ठेवा. चर्चच्या कार्यालयातल्या सर्वांच्या संगणकावर ती नको.

सुरुवातीला मान्यता ‘पेंडिंग’ असते, मग ‘प्रिलिमिनरी’, मग ‘फुल’. पूर्ण मान्यतेसाठी वर्ग पूर्ण करणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांनी यातलं एक तरी साधलेलं असावं: ५ टक्के वजन उतरणं (१८० पौंडांच्या माणसाला ९ पौंड), ४ टक्के उतरून सोबत आठवड्याला १५० मिनिटांच्या हालचालीची नोंद, किंवा एचबीए१सी ०.२ ने खाली येणं.

मेडिकेअरकडून, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याकडून, पैसे घ्यायचे असतील तर ‘पेंडिंग’ चालत नाही. तो अर्ज वेगळा करावा लागतो. तिथे जोखीम-चाचणीचा कागद आणि तोंडी आकडा दोन्ही ग्राह्य नाहीत, आणि उपाशीपोटीच्या साखरेची खालची मर्यादा ११० आहे.