‘राइड ऑन टाइम’ आणि कोऱ्या कॅसेटचा धंदा

१ मे १९८० रोजी आलेल्या, जपानी गायक तात्सुरो यामाशिताच्या ‘राइड ऑन टाइम’ या गाण्याची तारीफ सहसा बास आणि ड्रमवरून होते, आणि ती रास्तच आहे. बास सतत पुढे रेटत राहतो, त्यावर ब्रासचे छोटे छोटे फटके, आणि ध्रुवपदात गायकाच्याच आवाजाचे एकावर एक चढवलेले थर. सकाळी गाडी सुरू करताना याच्याइतकं चोख गाणं नाही. पण हे गाणं गाजलं ते कॅसेटमुळे, आणि तीही कोऱ्या कॅसेटमुळे.

कोऱ्या कॅसेट विकणाऱ्या एका कंपनीच्या टीव्ही जाहिरातीत समुद्रात उभा असलेला गायक दिसला आणि गाणं ओरिकॉनच्या, म्हणजे जपानमधल्या रेकॉर्ड-खपाच्या, यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. तोवर त्याच्या खात्यात फारसं काही नव्हतं. फुटलेल्या बँडचा १९७५चा एकुलता एक अल्बम, १९७६ला अमेरिकेत जाऊन केलेला पहिला सोलो, त्यानंतरचे काही अल्बम आणि ओसाकाच्या डिस्कोंमध्ये वाजलेलं एक गाणं, बस्स.

वॉकमन येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. गाडीतही कॅसेट वाजू लागली होती. समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्यावर गाडीत ऐकायची असली गाणी लोक ऐकत ती घरी एलपीवरून टेप करून, आणि या टेप करण्यावरूनच पुढे रण माजलं. जून १९८०मध्ये टोकियोजवळच्या मिताकात एका विद्यार्थ्याने एलपी भाड्याने देणारं दुकान काढलं. नवी एलपी अडीच हजार येनच्या वर, भाडं काहीशे येन. आपल्याकडे यादी देऊन कॅसेट भरून घेत, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे भरायचं काम गिऱ्हाईक घरी करत असे. दीड-दोन वर्षांत अशी दुकानं देशभर पसरली.

कायद्याची गोम इथेच होती. स्वतःच्या वापरापुरती नक्कल करायला १९७०च्या कायद्यानेच मुभा दिली होती. दुकानदार स्वतः नक्कल करत नव्हता आणि गिऱ्हाइकाचा गुन्हा नव्हता. १९८१मध्ये रेकॉर्ड कंपन्या कोर्टात गेल्या. आमच्या मालावर परस्पर कमाई चालली आहे, ही त्यांची तक्रार. ती खोटी नव्हती, पण सोयीस्कर होती. जपानच्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाचा एक हात कोऱ्या टेप आणि त्या भरायचे डेक विकत होता आणि दुसरा, म्हणजे त्याच्याच रेकॉर्ड कंपन्या, टेप करणाऱ्यांवर डोळे वटारत होता. कोरी कॅसेट खपावी म्हणून ज्या गाण्याला टीव्हीवर चढवलं, ते गाणं त्या कॅसेटवर कुठून येणार होतं, हे विचारण्याची तसदी कुणी घेतली नाही. अखेर १९८४च्या दुरुस्तीने भाड्याने देण्याचा हक्क कायद्यात आला आणि १९८५पासून लागू झाला. गायक आणि कंपन्यांना रेकॉर्ड आल्यापासून पहिलं वर्ष ती भाड्याने द्यायला मनाई करण्याचा अधिकार, त्यानंतर मोबदल्याचा. दुकानं टिकली आणि पैसेही पोचू लागले. मला हा तोडगा आजही शहाणपणाचा वाटतो.

२००३मध्ये हेच गाणं वैमानिकांवरच्या एका टीव्ही मालिकेसाठी वापरलं गेलं आणि नव्या पिढीच्या कानांवर पडलं. परदेशी श्रोते मात्र यूट्यूबवरून आले, तेही याच गायकाची पत्नी मारिया ताकेउची हिच्या १९८४च्या ‘प्लास्टिक लव्ह’ या गाण्यामुळे. ते २०१७मध्ये एका चाहत्याने चढवलं होतं. त्यावर लावलेला फोटो भलत्याच रेकॉर्डचा होता. छायाचित्रकाराच्या तक्रारीवरून २०१८च्या अखेरीस ते उतरवलं गेलं आणि पुढच्या वर्षी परत आलं.

गायकाने मात्र २०२२मध्ये एका मुलाखतीत सांगून टाकलं की आपली गाणी स्ट्रीमिंगवर बहुधा मरेपर्यंत देणार नाही. गाण्याच्या निर्मितीशी संबंध नसलेले लोक ती वाटतात आणि नफा घेतात, असं त्याचं म्हणणं. १९८१मध्ये कंपन्यांनी भाड्याच्या दुकानांवर ठेवलेला ठपका जवळपास हाच होता. फरक इतकाच की हा माणूस टेप किंवा डेक विकत नाही, म्हणून त्याच्या तोंडी तो जास्त पटतो.