आतड्याचं स्क्रीनिंग आणि यकृतावरची पाळत: गल्लत कुठे होते

पोटाच्या विकारांवर संशोधन करणाऱ्या एखाद्या डॉक्टरच्या शोधनिबंधांची यादी चाळली तर दोन विषय अनेकदा शेजारीशेजारी दिसतात: मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग आणि यकृताचे जुनाट आजार. दोन्हीकडे काहीही त्रास नसलेल्या माणसाला ठरावीक काळाने तपासायला बोलावतात आणि दोन्हीकडे कॅन्सरचा शोध असतो. म्हणून वाचणाऱ्याला वाटतं की अवयव तेवढा वेगळा, काम एकच. या समजुतीची किंमत पेशंट मोजतो. ‘तपासणी दहा वर्षांनी एकदा पुरते’ असं कुठेतरी वाचलेला सिरॉसिसचा, म्हणजे जुन्या आजाराने यकृत निबर झालेला, पेशंट सोनोग्राफी टाळतो. उलट यकृत ठणठणीत असलेला पन्नाशीचा माणूस दरवर्षी पोटाची सोनोग्राफी करून निश्चिंत होतो आणि शौचाची साधी चाचणी मात्र आयुष्यात एकदाही करत नाही. सोनोग्राफीत आतड्यातला पॉलिप दिसत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

दोन्हीतला सगळा फरक एका गोष्टीतून निघतो. मोठ्या आतड्यात कॅन्सर व्हायच्या आधीची पायरी डोळ्यांना दिसते आणि ती तिथल्या तिथे कापून काढता येते. यकृतात तसं करता येत नाही.

आतड्याच्या आतल्या अस्तरावर आधी एक छोटा उंचवटा येतो, तो पॉलिप. त्यातल्या अ‍ॅडेनोमा प्रकारच्या पॉलिपमध्ये जनुकीय बिघाड एकावर एक साचत जातात आणि काहींचा पुढे कॅन्सर होतो. हा क्रम फिअरन आणि व्होगेलस्टाइन यांनी १९९० मध्ये मांडला. बहुतेक पॉलिप कॅन्सरपर्यंत पोचतच नाहीत, आणि जे पोचतात त्यांना साधारण दहा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. कोलोनोस्कोपी करताना, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं तपासताना, पॉलिप दिसला की डॉक्टर तो तारेच्या फासाने त्याच वेळी काढतात. म्हणजे इथे तपासणीतच प्रतिबंध होऊन जातो. कोलोनोस्कोपी नीट झाली आणि काही सापडलं नाही, तर सर्वसाधारण जोखमीच्या माणसाला पुढची दहा वर्षं ती पुन्हा करावी लागत नाही, ती याच संथ गतीमुळे.

म्हणून आतड्याच्या स्क्रीनिंगवरचा निबंध वाचताना दोन आकडे शोधावेत: मृत्यू किती घटले आणि कॅन्सर होण्याचंच प्रमाण किती घटलं. अमेरिकेतल्या मिनेसोटा चाचणीत ४६,५५१ लोक होते. दरवर्षी शौचातल्या छुप्या रक्ताची तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३३ टक्क्यांनी कमी झाले, हे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे २००० मध्ये त्याच चाचणीने दाखवलं की नव्याने कॅन्सर होण्याचं प्रमाणही सुमारे २० टक्क्यांनी घटलं. शौचाची चाचणी कॅन्सर कसा टाळेल? ती टाळत नाहीच. पॉझिटिव्ह निघालेल्यांची कोलोनोस्कोपी झाली, तीत पॉलिप निघाले, त्यामुळे तो टळला. कोलोनोस्कोपीवरच्या ‘नॉर्डिक’ (NordICC) नावाच्या युरोपातल्या चाचणीचा निकाल २०२२ मध्ये आला तेव्हा ‘कोलोनोस्कोपीचा उपयोग नाही’ अशी ओरड झाली. मला ती अन्यायाची वाटते. कोलोनोस्कोपीसाठी बोलावलेल्यांपैकी ४२ टक्केच लोक प्रत्यक्ष आले होते, आणि तरीही बोलावलेल्या संपूर्ण गटात दहा वर्षांत कॅन्सरचं प्रमाण १८ टक्क्यांनी कमी होतं. मृत्यूंमधली घट मात्र त्या मुदतीत संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही, हेही तितकंच खरं आहे.

आता यकृत. इथे कॅन्सर बहुधा आधीच आजारी असलेल्या अवयवात होतो. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, दारू, किंवा लठ्ठपणा आणि मधुमेहासोबत येणारं फॅटी लिव्हर यांमुळे यकृत वर्षानुवर्षं सुजत राहतं, त्यात तंतू साचतात आणि शेवटी सिरॉसिस होतो. गाठ एका जागी उगवते, पण पार्श्वभूमी सगळ्या यकृतभर पसरलेली असते. ती गाठ काढली तरी उरलेलं यकृत तेच, म्हणून कॅन्सर पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण मोठं. पॉलिप काढल्यासारखं इथे करण्याजोगं काही नाही. त्याच्या जागी बसेल अशी गोष्ट खूप आधी घडावी लागते: हिपॅटायटिस बीची लस, विषाणूवरची औषधं, दारू सोडणं, वजन उतरवणं. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना हिपॅटायटिस बीची लस द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या दशकभरात मुलांमधला यकृताचा कॅन्सर कमी झालेला दिसला. यकृताच्या बाबतीत कॅन्सर टाळणं म्हणजे हे. सोनोग्राफी कॅन्सर टाळत नाही, तो लहान असताना गाठून देते.

म्हणूनच यकृताच्या बाबतीत सरसकट सगळ्यांना बोलावत नाहीत. सिरॉसिस असलेले आणि हिपॅटायटिस बीचे ठरावीक पेशंट यांच्यावरच पाळत ठेवतात. हिपॅटायटिस बीमध्ये सिरॉसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो, म्हणून त्यांची नोंद वेगळी. सिरॉसिसमध्ये कॅन्सरची जोखीम वर्षाला सुमारे दीड टक्का किंवा त्याहून जास्त असेल तर पाळत ठेवणं फायद्याचं, असा हिशेब मार्गदर्शक तत्त्वांमध्ये धरतात. अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची सर्वसाधारण माणसाची जोखीम सबंध आयुष्यात सुमारे चार टक्के आहे. म्हणजे एखाद्याला आयुष्यभरात जेवढा धोका, तेवढा सिरॉसिसच्या पेशंटला जेमतेम तीन वर्षांत. हे दोन आकडे शेजारी ठेवले की दहा वर्षांचं अंतर एकीकडे का चालतं आणि दुसरीकडे का चालत नाही हे कळतं.

यकृताच्या तपासणीतलं अंतर सहा महिन्यांचं असतं, आणि ते ठरतं गाठीच्या वाढीवरून. यकृताच्या कॅन्सरची गाठ आकारमानाने दुप्पट व्हायला साधारण चार ते सहा महिने घेते. मग तीन महिन्यांनी का नाही? फ्रान्समधल्या एका मोठ्या चाचणीत हे तपासून पाहिलं. २०११ मध्ये आलेल्या निकालात तीन महिन्यांच्या गटाला सहा महिन्यांच्या गटापेक्षा उपचाराजोग्या लहान गाठी जास्त सापडल्या नाहीत.

पाळतीची साधनं दोन, सोनोग्राफी आणि रक्तातलं अल्फा-फीटोप्रोटीन, म्हणजे यकृताच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा वाढणारं एक प्रथिन. सोनोग्राफी निर्धोक असली तरी सिरॉसिसमुळे खडबडीत झालेल्या यकृतात लहान गाठ ओळखणं अवघड जातं, आणि पेशंट लठ्ठ असेल तर आणखीच अवघड. २०१८ मधल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार नुसत्या सोनोग्राफीने सुरुवातीच्या टप्प्यातले निम्म्याहून कमी कॅन्सर पकडले; रक्तचाचणी जोडल्यावर हे प्रमाण ६३ टक्क्यांवर गेलं. म्हणून ‘सोनोग्राफी नॉर्मल’ या दोन शब्दांचा अर्थ ‘सहा महिन्यांनी पुन्हा या’ एवढाच घ्यायचा.

पुराव्याच्या बाबतीतही दोन्ही विषय एका पातळीवर नाहीत, आणि निबंध वाचणाऱ्याने इथे सर्वात जास्त सावध राहावं. आतड्याच्या बाबतीत लाखो लोकांवरच्या यादृच्छिक चाचण्या, म्हणजे कोण कुठल्या गटात हे चिठ्ठी टाकून ठरवलेल्या चाचण्या, आहेत. यकृताच्या बाबतीत मुख्य आधार शांघायच्या चाचणीचा. १८,८१६ लोक, दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि यकृताच्या कॅन्सरच्या मृत्यूंमध्ये ३७ टक्के घट, असा निकाल २००४ मध्ये आला. तिच्या मांडणीवर आणि विश्लेषणावर आक्षेप आहेत, शिवाय त्यातले लोक हिपॅटायटिस बीचे किंवा जुनाट हिपॅटायटिसचा इतिहास असलेले होते. सिरॉसिसच्या पेशंटवर तशी चाचणी करण्याचा प्रयत्न ऑस्ट्रेलियात झाला, पण नीट माहिती दिल्यावर जवळजवळ सगळ्यांनी चिठ्ठी टाकून गट ठरवून घ्यायला नकार दिला. तो नकार मला पूर्ण समजतो. मात्र त्यामुळे बाकीचा पुरावा निरीक्षणात्मक अभ्यासांवर उभा राहिला, आणि तिथे एक फसवा आकडा डोकावतो: ‘निदानानंतर किती काळ जगले’. तीच गाठ दोन वर्षं आधी सापडली तर मृत्यूची तारीख तीच राहूनही जगण्याचा काळ दोन वर्षांनी वाढलेला दिसतो. त्यात भर म्हणजे सावकाश वाढणाऱ्या गाठीच पाळतीत जास्त सापडतात. चांगले संशोधक हे दोन्ही परिणाम वजा करून दाखवतात. ज्या निबंधात ते वजा केलेले नाहीत त्याच्या निष्कर्षाला मी फार वजन देत नाही.

तरीही पाळत ठेवायची, कारण लहान गाठीला उपचार आहेत: शस्त्रक्रिया, गाठ जाळणं, यकृत प्रत्यारोपण. प्रत्यारोपणासाठी १९९६ पासून वापरात असलेले मिलान निकष म्हणजे पाच सेंटिमीटरपर्यंतची एक गाठ किंवा तीन सेंटिमीटरपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन गाठी. सिरॉसिस इतका पुढे गेला असेल की उपचार झेपणार नाही आणि प्रत्यारोपणही शक्य नाही, तर पाळत थांबवतात. ऐकायला कठोर वाटतं, पण ज्या शोधानंतर काही करता येणार नाही तो शोध पेशंटच्या माथी मारू नये हेच बरोबर.

संशयास्पद काही सापडल्यावर पुढच्या वाटाही वेगळ्या. शौचाची चाचणी पॉझिटिव्ह आली तर कोलोनोस्कोपीच करायची. ‘पुन्हा एकदा शौच तपासून बघू’ हे चुकीचं आहे, कारण पॉलिपमधून रक्त रोज येतंच असं नाही. दहा महिन्यांहून जास्त उशीर केलेल्यांत कॅन्सर जास्त आढळल्याचं २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. आतड्याच्या कॅन्सरचं निदान काढलेल्या तुकड्याच्या तपासणीने (बायोप्सीने) पक्कं होतं. सिरॉसिसमध्ये एक सेंटिमीटर किंवा मोठी गाठ दिसली तर डाय देऊन सीटी किंवा एमआरआय करतात. त्यात गाठ आधी धमनीच्या रक्ताने उजळली आणि नंतर आजूबाजूच्या यकृतापेक्षा फिकी पडली, तर तुकडा न काढताही निदान मान्य होतं.

फिब-४ हा आणखी एक शब्द या निबंधांत सतत भेटतो. वय, दोन लिव्हर एन्झाइम आणि प्लेटलेट एवढ्यावरून काढलेला हा आकडा कॅन्सर शोधत नाही. तो यकृतात तंतू किती साचले असावेत याचा अंदाज देतो: १.३ च्या खाली जोखीम कमी, २.६७ च्या वर जास्त. पासष्टीच्या पुढे खालची मर्यादा २ धरतात. फॅटी लिव्हरच्या पेशंटमधून पाळतीची गरज कुणाला आहे हे याने हुडकता येतं.

‘लिव्हरमध्ये कॅन्सर आहे’ या वाक्यानेही घोटाळा होतो. आतड्याचं रक्त थेट यकृताकडे वाहतं, म्हणून आतड्याचा कॅन्सर पसरला की बऱ्याचदा आधी यकृतात जातो. तो यकृतात दिसला तरी आतड्याचाच राहतो, आणि औषधंही आतड्याच्या कॅन्सरचीच द्यावी लागतात.

दोन्ही विषय खरोखर एकत्र येतात ते पीएससी (प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलॅन्जायटिस) या आजारात. त्यात पित्तनलिकांना जुनाट सूज येते आणि बऱ्याच पेशंटना कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची जुनाट सूजही असते. अशा पेशंटच्या आतड्यात कॅन्सरचा धोका इतका वाढतो की दोन्ही आजारांचं निदान झाल्यापासून साधारण दरवर्षी कोलोनोस्कोपी सांगतात. दहा वर्षांचं अंतर त्यांना लागू नाही. आणि हिपॅटायटिस सी औषधाने पूर्ण बरा झालेला पण सिरॉसिस उरलेला माणूस? विषाणू गेला तरी त्याची सहा महिन्यांची सोनोग्राफी चालूच ठेवायची असते.