सोनेगाव ते बर्डी: आठ किलोमीटरांचा जुना प्रश्न

नागपूरला विमानाने कुणी येणार असलं की घरातून पहिला प्रश्न जातो, "विमान किती वाजता उतरतं?" आणि त्याला जोडूनच, "ऑटो-बिटो करू नका, मी येतो घ्यायला." पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हा आमचा पाहुणचार वाटतो. पाहुणचार तर आहेच. पण त्याच्या पोटात एक जुनी सवय दडलेली आहे. विमानतळावरून शहरात यायला भरवशाचं, ठरल्या भावाचं सार्वजनिक वाहन कित्येक वर्षं नव्हतं, म्हणून भाचा, जावई, शेजारचा पोरगा, जो मोकळा असेल तो गाडी काढायचा. आज विमानतळाच्या दारात उभं राहून मेट्रो, ऑटो, टॅक्सी की ॲपवरची कॅब असा विचार करणाऱ्या प्रवाशाला या सवयीचं मूळ ठाऊक नसतं. ते मूळ फार मागे जातं.

आपलं विमानतळ सोनेगावला, वर्धा रोडला लागून. शहराच्या मध्यावरच्या झिरो माइलच्या खांबापासून अंतर आठेक किलोमीटर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाईदलाने हा तळ वापरला, स्वातंत्र्यानंतर तो भारत सरकारकडे आला. शहर तेव्हा अजनीच्या आसपास संपत होतं. धावपट्टी कुठे हवी हे लष्कराच्या गरजेनं ठरलं होतं. तिथे उतरलेल्या माणसाला बर्डीला, म्हणजे शहराच्या मध्यावरच्या सीताबर्डीला, कसं पोचवायचं, हा प्रश्न त्या हिशेबात बसण्याचं कारणच नव्हतं.

त्यानंतर सोनेगावला जे काम मिळालं, ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत रम्य पान वाटतं. 30 जानेवारी 1949 ला रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि चारही विमानं मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला येऊन मिळायची. धावपट्टीशेजारी टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची. दिल्लीच्या विमानातली मद्रासची थैली मद्रासच्या विमानात, कलकत्त्याची मुंबईच्या विमानात. मग चारही विमानं आपापल्या गावी परत. मद्रासला संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत हाती पडायचं. देशाच्या मध्यावर असण्याचा एवढा सरळ उपयोग नागपूरने क्वचितच पाहिला असेल. 1953 मध्ये विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि ही सेवा इंडियन एअरलाइन्सकडे गेली. ती पुढे 1970 च्या दशकापर्यंत चालली.

या विमानांतून माणसंही प्रवास करायची. ती सोनेगावला उतरायची, तास-दोन तास थांबायची, दुसऱ्या विमानात बसायची आणि निघून जायची. नागपूरला येऊन नागपूर न पाहता गेलेली अशी किती माणसं असतील! आपल्या विमानतळाचा स्वभाव इथे घडला असं माझं ठाम मत आहे. माणसं जिथे विमान बदलतात ती ही जागा. गावात शिरण्याचं दार म्हणून तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही. इथल्या गर्दीला बर्डीला जायचंच नसेल, तर बर्डीची बस कोण सोडणार?

जे गावात येत, त्यांची सोय आधीच झालेली असे. त्या काळी विमानाने येणारा माणूस म्हणजे मोठा अधिकारी, गिरणीवाला नाहीतर पुढारी, आणि त्याला घ्यायला कुणी ना कुणी हजर असायचंच. 11 ऑक्टोबर 1956 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर दिल्लीहून विमानाने नागपूरला आले आणि बर्डीवरच्या श्याम हॉटेलात उतरले. तीन दिवसांनी, 14 ऑक्टोबरला, धम्मदीक्षेचा सोहळा झाला. त्या सोहळ्याला आलेले लाखो लोक मात्र रेल्वेने, एसटीने, बैलगाडीने आणि कितीतरी पायी आले होते. 2005 मध्ये विमानतळाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. आज धम्मचक्र प्रवर्तन दिनाला परदेशातून येणारे बौद्ध बांधव त्याच विमानतळावर उतरतात, तेव्हा मला ही 1956 ची वाट आठवल्याशिवाय राहत नाही.

त्याच 1956 मध्ये नागपूरचं राजधानीपण गेलं. नागपूर कराराच्या शब्दाप्रमाणे 1960 पासून विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथे भरू लागलं. डिसेंबर आला की वर्धा रोडचे खड्डे बुजतात, दुभाजकांना रंग लागतो आणि मंत्र्यांच्या गाड्यांचा ताफा सोनेगावहून सुटतो. हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. रस्ता दरवर्षी सुधारायचा, पण गाडीवाल्यांसाठी.

शहराची स्वतःची वाहनव्यवस्था वाढली ती रेल्वे स्टेशनभोवती. नागपूरला रेल्वे आली 1867 मध्ये. टांगे स्टेशनसमोर उभे राहायचे, मग सायकलरिक्षा, मग ऑटो. सिटी बस आधी एसटी महामंडळ चालवायचं, नंतर ती महापालिकेकडे आली. तिची 'स्टारबस' झाली, 2017 पासून 'आपली बस'. सगळ्यांचा जीव बर्डी आणि तिथल्या मोर भवनच्या बसस्थानकात. विमानतळाच्या प्रवाशाला बस हवी असेल तर त्याने बॅग ओढत वर्धा रोडवर यावं आणि खापरी-बुटीबोरीकडून येणाऱ्या बसला हात दाखवावा. विमानाच्या तिकिटाला पैसे मोजलेला माणूस हे करत नसे, आणि विमानतळावर काम करणारा सफाई कामगार, लोडर रोज तेच करत असे. त्याच्या जाण्यायेण्याचा विचार या चर्चेत कधी झालाच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

उरला ऑटो. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. बाबांना मुंबईला डॉक्टरांना दाखवून रात्रीच्या विमानाने परत आणत होतो. भावाची गाडी ऐनवेळी बंद पडलेली. बाहेर दोन ऑटो. "कुठं जाऊन राहिले भाऊ?" महाल म्हटल्यावर त्याने जो आकडा सांगितला, तो स्टेशनहून महालला लागायचा त्याच्या तिपटीहून जास्त. "मीटर?" "मीटर बंद हाय भाऊ. अन् इथनं रिकामा येतो ना मी वापस." बाबा कठड्याला टेकून उभे, पायात त्राण नाही. मी बसलो. रागाने बसलो. रहाटे कॉलनीपर्यंत एक शब्द बोललो नाही. मग त्यानेच विषय काढला. सात वाजल्यापासून तो तिथे उभा होता आणि आमचं विमान पावणेदोन तास उशिरा आलं होतं. मधल्या वेळात एक भाडं नाही. महालमधून परत सोनेगावला यायचं तर रिकामंच यायचं. माझा राग पूर्ण गेला नाही, पण त्याचा हिशेब मला कळला. दिवसाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी विमानं, म्हणून ताटकळणं जास्त. ताटकळण्याचे पैसे भाड्यात चढवलेले. भाडं चढलेलं म्हणून लोक घरची गाडी मागवायचे, आणि लोक घरची गाडी मागवायचे म्हणून ऑटोला भाडी कमी. हे चक्र कुणा एका ऑटोवाल्याच्या लबाडीने फिरत नव्हतं. प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीने भाव कागदावर आला, हे चांगलं झालं, तरी एकट्या प्रवाशाला ती टॅक्सी महागच पडायची.

2008 हे वर्ष मला या कहाणीत महत्त्वाचं वाटतं. त्या मार्चमध्ये हैदराबादचं शमशाबाद विमानतळ सुरू झालं, मे महिन्यात बंगळुरूचं देवनहळ्ळी. आणि मध्ये, 14 एप्रिलला, नागपूरच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. तिन्ही शहरांत नवी कोरी इमारत. पण शमशाबाद शहरापासून वीस किलोमीटरहून लांब, देवनहळ्ळी तीसहून लांब. तिथे घरच्या गाडीने रोज कोण नेआण करणार? म्हणून तिथे विमानतळासाठी खास वातानुकूलित बसमार्ग आखावे लागले, बंगळुरूची वायू वज्र त्यातलीच. नागपुरात अशी निकड कुणालाच वाटली नाही. आठ किलोमीटर म्हणजे काय, स्कूटरवर वीस मिनिटं! अंतर कमी असल्यानेच सेवा उभी राहिली नाही, हे मान्य करायला आपल्याला अजूनही जड जातं.

हे चित्र बदललं मेट्रोने. 21 ऑगस्ट 2014 ला भूमिपूजन झालं आणि दुसऱ्या वर्षी काम सुरू झालं. योगायोग असा की पहिल्यांदा रूळ पडले ते विमानतळाच्याच अंगाला, वर्धा रोडशेजारच्या जमिनीवरच्या पट्ट्यात. 2017 च्या दसऱ्याला चाचणीची गाडी धावली तेव्हा आपल्याकडे स्वतःचे डबेही नव्हते, ते हैदराबादहून आणले होते. 2018 मध्ये त्याच पट्ट्यात लोकांसाठी हौशीची फेरी सुरू झाली. शेताशेजारून जाणाऱ्या त्या गाडीत बसायला लोक सहकुटुंब, डबे बांधून जायचे. आमची आई काचेला नाक लावून बसली होती. "विमानतळ एवढं जवळून पहिल्यांदा पाह्यलं," म्हणाली. साठ वर्षं नागपुरात राहिलेली बाई.

शहराकडचा भाग कठीण होता. छत्रपती चौकात आधीच एक उड्डाणपूल होता. तो 2016 मध्ये पाडला आणि त्याच वर्धा रोडवर दुमजली पूल उभा केला: खाली रस्ता, त्याच्यावर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. 3.14 किलोमीटरचा हा पूल पुढे गिनीज बुकात गेला. विक्रमाचं कौतुक सगळीकडे झालं. मला त्याहून मोलाची वाटते ती त्या पुलाच्या अंगावरची तीन स्थानकं: छत्रपती चौक, जयप्रकाश नगर, उज्ज्वल नगर. विमानतळाचा रस्ता या वस्त्यांच्या डोक्यावरून नुसता उडून गेला नाही, त्यांच्यासाठी थांबला.

मार्च 2019 मध्ये खापरी ते सीताबर्डी गाडी सुरू झाली. चेन्नईच्या विमानतळाला मेट्रो 2016 मध्ये मिळाली होती, दिल्लीला 2011 मध्ये. मुंबईला सहारच्या टर्मिनलला मेट्रो मिळाली 2024 मध्ये. या यादीत आपण मुंबईच्या साडेपाच वर्षं पुढे होतो, हे नागपूरकरांनी अभिमानाने सांगायला हरकत नाही. जानेवारी 2020 मध्ये मेट्रोची दुसरी मार्गिका, लोकमान्य नगरची ॲक्वा लाइन, बर्डीला येऊन मिळाली. 11 डिसेंबर 2022 ला उत्तरेकडे ऑटोमोटिव्ह चौक आणि पूर्वेकडे प्रजापती नगरपर्यंतचे टप्पे उघडले. तेव्हा कुठे विमानातून उतरलेला उत्तरेकडच्या इंदोऱ्याचा माणूस थेट, आणि पूर्वेकडच्या पारडीचा माणूस बर्डीला गाडी बदलून, आपल्या वस्तीजवळ पोचू लागला. गर्दीच्या वेळी वर्धा रोडवर अडकलेल्या कारपेक्षा तो आधी पोचतो, हे मी स्वतः अनेकदा अनुभवलं आहे.

तरी एक सांधा ढिला राहिला. मेट्रोचं स्थानक टर्मिनलच्या दारात नाही, वर्धा रोडवर आहे. मधला तुकडा फीडर गाडीने नाहीतर ऑटोने काढावा लागतो. एक बॅग असलेल्या तरुणाला तो तुकडा काहीच नाही. गुडघे दुखणाऱ्या मावशीला, कडेवर मूल असलेल्या सुनेला तोच निर्णायक ठरतो. त्यात नावांचा घोळ. नकाशावर 'एअरपोर्ट', 'एअरपोर्ट साउथ' आणि 'न्यू एअरपोर्ट' अशी तीन स्थानकं आहेत. विमान पकडायचं असेल तर 'एअरपोर्ट'लाच उतरायचं. मागच्या मे महिन्यात न्यू एअरपोर्टला उतरलेलं अमरावतीचं एक जोडपं मला भेटलं. हातात संत्रा बर्फीचे डबे, घामाने भिजलेले, आणि विमानाला तासच राहिलेला. 'न्यू' म्हणजे नवं टर्मिनल असं त्यांना वाटलं होतं, आणि त्यांची काय चूक? परतीची गाडी येईपर्यंत त्यातल्या काकू सारखं घड्याळ बघत होत्या. फलाटावर ठळक मराठीत एक पाटी लावली तर हे टळेल.

मेट्रोच्याच काळात बाकीचेही बदल आले. ॲपवरच्या टॅक्सीने भाव आधी कळू लागला. मे 2017 मध्ये दोनशे विजेच्या वाहनांचा टॅक्सी प्रयोग देशात पहिल्यांदा नागपुरातच सुरू झाला, पण तो तसा टिकला नाही. ई-रिक्षा मात्र टिकली.

आता विमानतळच बदलायच्या वाटेवर आहे. ते खासगी कंपनीकडे देण्याचा वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला, 2022 मध्ये निकाल लागला, आणि 9 ऑक्टोबर 2024 ला विस्ताराची पायाभरणी झाली. नव्या टर्मिनलचं दार कुठे उघडेल आणि मेट्रोच्या फलाटापासून ते किती पावलांवर असेल, हे याच काळात ठरायचं आहे. आराखडा करणाऱ्यांनी एकदा दोन बॅगा आणि एक म्हातारं माणूस सोबत घेऊन आजचा रस्ता चालून बघावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

रात्रीचा प्रश्न त्याहून वेगळा. मेट्रो साधारण सकाळी सहा ते रात्री दहा चालते. आखाताकडची विमानं रात्री उशिरा किंवा पहाटे उतरतात, आणि त्यातून येतात ती बहुतेक कामावरून सुट्टीला आलेली माणसं, दोरीने बांधलेली खोकी घेऊन. चार विमानं मध्यरात्री जुळवून घेणाऱ्या या तळावर मध्यरात्रीनंतर बर्डीपर्यंत एक ठरलेली बस असावी, ही मागणी जुनीच आहे. ती सुरू होईपर्यंत पहाटे तीन वाजता बाहेरच्या कठड्यापाशी भाचे आणि जावई गाडीची किल्ली हातात खेळवत उभे राहतीलच.