पोतोसीची चांदी सुरतेपर्यंत

मोगल मुलुखात शेतसाऱ्याची वसुली, मनसबदारांचे पगार आणि सराफांचा व्यवहार चांदीच्या रुपयावर चालत होता. हिंदुस्थानात मात्र चांदीच्या म्हणण्यासारख्या खाणी नव्हत्या. (दक्षिणेत सोन्याच्या होनाचं चलन होतं, शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी पाडला तोही होनच.) सुरतेच्या टांकसाळीत वितळणाऱ्या चांदीचा मोठा भाग अमेरिका खंडातून येत होता, आणि युरोपच्या वसाहतींनी जगाचा व्यापार कसा बदलला हे पाहायचं तर या चांदीच्या मागे जाण्याइतका सरळ रस्ता दुसरा नाही.

सुरुवात १५४५ सालची. तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या आजच्या बोलिव्हियात, समुद्रसपाटीपासून सुमारे चार हजार मीटर उंचीवर, पोतोसीच्या डोंगरात चांदीच्या शिरा सापडल्या. पहिली काही वर्षं वरवरची कसदार खनिजं स्थानिक लोक आपल्या पद्धतीच्या भट्ट्यांत गाळत होते. ती संपत आली आणि उत्पादन घसरलं. मग पाऱ्याने चांदी वेगळी काढण्याची मेक्सिकोत रुळलेली पद्धत इथे आली. पारा आजच्या पेरूतल्या वांकावेलिका इथे मिळत होता. प्रश्न मजुरांचा होता. व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदोने १५७३च्या सुमारास तो सोडवला. स्पॅनिश येण्याआधीच्या इंका राजवटीत आळीपाळीने राबण्याची ‘मिता’ नावाची जुनी चाल होती. तिचंच त्याने वेठबिगारीत रूपांतर केलं. ठरलेल्या प्रांतांनी आपल्या कर्त्या पुरुषांपैकी सातवा हिस्सा दरवर्षी खाणीवर पाठवायचा, म्हणजे वर्षाला तेरा हजारांच्या आसपास माणसं. बरीच परतली नाहीत, आणि बोलावणं टाळण्यासाठी गावंच्या गावं सोडून लोक दुसरीकडे गेले. पारा आणि वेठ या दोन गोष्टींनी उत्पादन काही वर्षांतच कित्येक पटींनी वाढलं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्या ओसाड डोंगरापाशी दीड लाखाच्या आसपास वस्ती होती.

आठ रियालांचं (रियाल हे स्पेनचं चलन) वजनदार चांदीचं नाणं इथून जगभर पसरलं.

यातून स्पेन गबर व्हायला हवा होता. राजाचा पाचवा हिस्सा ठरलेला होता आणि सगळा माल कायद्याने स्पेनच्या सेव्हिल बंदरातच उतरायचा. तरी दुसऱ्या फिलिपने १५५७, १५६०, १५७५ आणि १५९६ अशी चारदा दिवाळखोरी जाहीर केली. कारण युद्धं. येणाऱ्या चांदीवर जिनोआचे आणि जर्मनीतले सावकार आधीच कर्ज देऊन बसलेले असत. धर्मशाळेतल्या यात्रेकरूसारखी ती स्पेनमध्ये रात्र काढून पुढे निघे. देशात उरली ती महागाई: शंभर वर्षांत किमती तिपटी-चौपटीवर गेल्या. पैसा मुबलक असेल तिथे त्याची किंमत उतरते, हे सालामांका विद्यापीठाच्या परंपरेतल्या मार्तीन दे आस्पिलक्वेताने १५५६मध्येच लिहून ठेवलं होतं. स्पेनमध्ये कापड विणण्यापेक्षा बाहेरून आणणं स्वस्त पडू लागलं, मग विणणार कोण? वाढत्या लोकसंख्येचाही भाववाढीत हात होता, त्यामुळे सगळा दोष चांदीवर टाकता येत नाही. पण खजिना हाती असताना उद्योग उभे करण्याची गरज राज्यकर्त्यांना वाटली नाही, हा दोष त्यांचाच.

फायदा झाला तो स्पेनशी भांडणाऱ्यांचा. १५७५च्या दिवाळखोरीनंतर स्पेनविरुद्ध बंड केलेल्या नेदरलँड्समधल्या स्पॅनिश सैन्याचे पगार थकले. त्या सैनिकांनी १५७६मध्ये अँटवर्प लुटलं. ते युरोपातलं सर्वांत मोठं व्यापारी शहर होतं. १५८५मध्ये ते पुन्हा स्पेनच्या हाती गेल्यावर व्यापारी, विणकर आणि भांडवल मोठ्या संख्येने उत्तरेला सरकलं, त्यातलं बरंचसं अ‍ॅमस्टरडॅमला. १६०२मध्ये तिथे डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली, १६०९मध्ये नाण्यांचा गोंधळ निस्तरणारी बँक. खाण स्पेनची, हिशेबाची वही डचांची.

आणि तिथूनही चांदी पुढे निघालीच. मिरी, रेशीम, सुती कापड यांच्या बदल्यात द्यायला युरोपकडे दुसरं फारसं काही नव्हतं. इंग्रजी लोकरी कापड सुरतेच्या उकाड्यात कोण घेणार? १६०० सालच्या सनदेतच इंग्रज कंपनीला दर सफरीमागे तीस हजार पौंडांपर्यंत चांदी बाहेर नेण्याची मुभा होती. देशाची चांदी बाहेर घालवता म्हणून तिच्यावर टीका होई. पोर्तुगीजांची जहाजं त्याआधीपासून लिस्बनहून रियाल घेऊन गोव्याला येत होती. मक्केला जाऊन परतणारी गुजराती जहाजं तांबड्या समुद्रातल्या बाजारांतून चांदी आणत. १५७१मध्ये वसलेल्या मनिलातून एक फाटा थेट चीनला जाई, कारण मिंग दरबार कर चांदीत घेऊ लागला होता आणि सोन्याच्या तुलनेत तिला तिथे युरोपपेक्षा जवळपास दुप्पट भाव होता.

सुरतेच्या टांकसाळीत परदेशी नाणं वितळवून रुपये पाडून घेता येत. सतराव्या शतकात ही पेठ इतकी श्रीमंत का होती, तिथला सावकार वीरजी व्होरा इंग्रज कंपनीलाच कर्ज कसा देऊ शकत होता, याचं उत्तर या ओघात आहे. जानेवारी १६६४मध्ये मराठे सुरतेत शिरले तेव्हा व्होराची हवेलीही सुटली नाही. सुरतेच्या लुटीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं. तिथल्या पेढ्यांत एवढा पैसा कुठून साठला, यावर फारच कमी.

पोतोसीच्या मजुराचा घाम आणि हिंदुस्थानच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कोरोमंडलच्या विणकराचं कापड यांची गाठ आणखी एका ठिकाणी पडली. हिंदुस्थानी कापड आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गुलामांच्या बदल्यात दिलं जाई, आणि ते गुलाम अमेरिकेतल्या उसाच्या मळ्यांत जात.

हा ओघ बंगालपुरता उलटला तो १७६५मध्ये. दिवाणी, म्हणजे सारा वसूल करण्याचा हक्क, मिळाल्यावर इंग्रज कंपनीला तिथला माल घेण्यासाठी चांदी आणायचं कारण उरलं नाही. बंगालच्याच साऱ्यातून बंगालचंच कापड विकत घ्यायचं आणि लंडनला विकायचं. खरेदीदार आता वसुली करणाराही झाला होता. पुढे चीनच्या चहासाठी लागणारी चांदी अफूने वाचवली, आणि त्या धंद्यात मुंबईचे व्यापारीही उतरले. युरोपच्या तिजोरीचा विचार केला तर माझ्या मते कोलंबसाच्या १४९२पेक्षा १७६५ हे साल जास्त निर्णायक आहे.

पैसा कोणत्या दिशेने वाहतोय हे मुंबईत लवकरच लक्षात आलं होतं. भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’ला ‘एक हिंदू’ या टोपणनावाने पत्रं लिहून इथली संपत्ती इंग्लंडला वाहून जात असल्याचा आरोप थेट केला. दादाभाई नौरोजींनी आकडे मांडायला सुरुवात केली त्याच्या पाव शतक आधी.