बर्फ उशिरा, अस्वल उपाशी

मे महिन्यात परभणीत पारा 44 वर गेला की मोबाईलवर पांढऱ्या अस्वलाचे व्हिडिओ फिरायला लागतात आणि खाली सगळ्यांचं एकच, बिचाऱ्याला किती गरम होत असेल. पण त्याचा खरा प्रश्न पोटाचा आहे.

हे अस्वल जगतं सील या समुद्री प्राण्याच्या चरबीवर. मोकळ्या पाण्यात सील इतका चपळ की अस्वलाच्या सहसा हाती लागत नाही, पण त्याला श्वास घ्यायला समुद्रावरच्या बर्फातल्या भोकाशी यावंच लागतं. अस्वल तिथंच दबा धरून तासन्‌तास बसतं, जागचं हलत नाही, आणि नाक वर आलं की झडप. शिकार भरपूर असली तर नुसती चरबी खातं आणि मांस तसंच टाकून जातं! म्हणजे बर्फ नाही तर शिकार नाही.

कॅनडातल्या हडसन बे या उपसागरात उन्हाळ्यात बर्फ वितळतो, अस्वलं किनाऱ्यावर येतात आणि परत बर्फ धरेपर्यंत अंगातल्या चरबीवर दिवस काढतात. हे आधीपासूनच होतं, फक्त 1980 च्या दशकाच्या मानानं हा उपास आता तीनेक आठवड्यांनी लांबलाय. पश्चिम हडसन बेमध्ये 2016 ला अंदाजे 842 अस्वलं होती, 2021 ला 618.

जमिनीवरचं खाऊन जगतील की, असं काहीजण म्हणतात. शास्त्रज्ञांनी 20 अस्वलांच्या गळ्यात कॅमेरे बांधून बघितलं, 2024 ला निष्कर्ष आले. बेरी खाल्ल्या, पक्षी खाल्ले, गवत खाल्लं, तरी 19 जणांचं वजन घटलंच, काहींचं तर दिवसाला दीड किलोच्या वर. दुष्काळात कडबा संपला की आपण बैलाला उसाचं वाढं टाकतो ना, पोट भरतं पण जनावर अंग धरत नाही, तसंच.

सगळ्यात वाईट हाल पिलांच्या आईचे. जन्मतः पिलू जेमतेम अर्ध्या किलोचं, ते वाढतं तिच्या घट्ट दुधावर ज्यात जवळपास 30 टक्के फॅट असतं, आणि तीच रोडावली की दूध आटतं, मग आधी लेकरं जातात. मला तर आकड्यांपेक्षा हेच जास्त लागतं.

मग अजून उत्तरेला का जात नाहीत? काही ठिकाणी, जसं कॅनडा आणि ग्रीनलंडच्या मधला केन बेसिन हा समुद्राचा भाग, जाड बर्फ पातळ झाल्यावर अस्वलं उलट धष्टपुष्ट झाली, पण हे तात्पुरतं आहे असं शास्त्रज्ञच म्हणतात. त्याच्याही पुढं समुद्र खोल, तिथं अन्न कमी म्हणून सीलही कमी, त्यामुळं नुसता बर्फ असून भागत नाही.