हौशी मासेमारी : पकडीची सफाई व वाहतूक

गळाने धरलेला (कोकणात ‘गरवलेला’) मासा किनाऱ्यावर येईपर्यंत, आणि काही ठिकाणी घरी पोहोचेपर्यंत, कोणत्या स्थितीत ठेवावा हे ठरवणारे नियम. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथे ते विशेष तपशीलवार आहेत. माशाची जात, संख्या व लांबी तपासनिसाला वाटेत केव्हाही पडताळता यावी, हे त्यांमागील सूत्र होय.

या नियमांचे मूळ दोन परंपरांत शोधले जाते. पहिली किमान लांबीच्या कायद्यांची. इंग्लंडमध्ये पहिल्या एलिझाबेथच्या कारकीर्दीतील आरंभीच्या एका कायद्याने सॅमनसाठी १६ इंच, बार्बेलसाठी १२ इंच व ट्राउटसाठी ८ इंच अशी मर्यादा घातली. हा कायदा कोठे १५५८ चा, तर कोठे १५५९ चा म्हणून नोंदलेला आढळतो. पार्लमेंट भरले ते आजच्या गणनेने जानेवारी १५५९ मध्ये. परंतु त्या काळी इंग्लंडात नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्यामुळे जुन्या गणनेत ते १५५८ च ठरते, तेव्हा हा मतभेद कायद्याविषयीचा नसून पंचांगाचा आहे. दुसरी परंपरा अमेरिकी वाहतूक कायद्यांची. राज्याचे नियम मोडून मारलेली शिकार दुसऱ्या राज्यात नेण्यास १९०० च्या लेसी कायद्याने प्रतिबंध केला; १९२६ च्या ब्लॅक बास कायद्याने ते तत्त्व ब्लॅक बास या माशांना लावले आणि १९८१ च्या दुरुस्तीने ते लेसी कायद्यातच सामावले गेले. मासा अखंड ठेवण्याची अट पहिल्या परंपरेतून, तर तुकड्या (माशाच्या दोन्ही बाजूंचे काटे काढलेले मांसाचे काप, इंग्रजीत ‘फिले’) ओळखू येतील अशा बांधण्याची अट दुसरीतून आली असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर आकारमर्यादा असलेले अनेक मासे डोके व शेपटीसह अखंड आणावे लागतात. मात्र आतडी व कल्ले काढण्यास सहसा हरकत नसते. ही सवलत आरोग्यदृष्ट्या महत्त्वाची आहे, कारण बांगडा, सुरमई, कुपा यांसारखे मासे ४° सेल्सिअसच्या वर फार वेळ राहिल्यास त्यांत जीवाणूंमुळे हिस्टामीन साठते, आणि मासा शिजवला तरी ते नाहीसे होत नाही. गोड्या पाण्यातील नियम निराळे आहेत. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात काटे काढलेल्या तुकडीवर सामान्यतः एक इंच चौरस कातडी खवल्यांसह राखावी लागते, कारण सोललेल्या तुकडीवरून जात ओळखणे कठीण असते. उदाहरणार्थ, वॉलाय व त्याच्यासारखाच दिसणारा सॉगर यांतील एक ठळक फरक म्हणजे वॉलायच्या शेपटीच्या खालच्या टोकावरील पांढरा डाग, आणि शेपूट कापताच ती खूण जाते. संख्या मोजताना साधारणपणे दोन तुकड्या म्हणजे एक मासा धरतात. जेथे लांबीची विशेष मर्यादा आहे तेथे कातडीचा तुकडा पुरेसा ठरत नाही. मासा मोजता येईल असाच न्यावा लागतो. काठावर लगेच शिजवून खाण्यासाठी साफ केलेल्या माशांना ऑन्टॅरिओसह काही प्रांतांत व राज्यांत सूट आहे.

अलीकडे रोगप्रसाराचा विचारही या नियमांत आला आहे. ट्राउटला होणाऱ्या भोवऱ्या रोगाचे (यात मासा गोल गोल फिरू लागतो) बीजाणू डोक्याच्या कूर्चेत असतात. म्हणून माशाची डोकी व आतडी दुसऱ्या जलाशयात टाकणे धोक्याचे मानले जाते. अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांत २००५ मध्ये माशांमधील रक्तस्रावी विषाणुरोग आढळल्यानंतर जिवंत मासे व होडीतील पाणी अन्यत्र नेण्यावरील निर्बंध कडक झाले.

महाराष्ट्रात २०२३ मध्ये ५४ सागरी जातींसाठी किमान आकार ठरवण्यात आला. त्याचा रोख प्रामुख्याने व्यापारी मासेमारीवर आहे.