युद्धस्मारक शिल्प (सैनिक व परिचारिका)

लढाईत भाग घेतलेले सैनिक आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका यांच्या स्मरणार्थ उभारलेले शिल्प. पाश्चात्त्य देशांत अशी शिल्पे चौकांप्रमाणेच रुग्णालयांच्या आवारातही आढळतात. सातारा–सांगली भागात रणात पडलेल्यांची स्मारके शेकडो वर्षांपासून आहेत. परिचारिकेला मात्र त्यांत सहसा जागा मिळालेली नाही.

येथले सर्वांत जुने युद्धस्मारक म्हणजे वीरगळ. देवळाच्या आवारात किंवा गावकुसाशी उभी असलेली ही शिळा खालून वर वाचायची असते. तळच्या चौकटीत लढाई किंवा आडवा पडलेला वीर, तिच्या वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्याला चंद्रसूर्य. वीराचे नाव बहुधा कोरलेले नसते. पुष्कळ वीरगळांना आता शेंदूर फासलेला दिसतो. कोण, कुठे, कशासाठी लढला हे विसरून गाव त्याला देव मानून मोकळे झाले आहे. जवळपास सतीशिळाही असते. तिच्यावर कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला हात दाखवतात. म्हणजे रणस्मारकात बाई यायची ती अप्सरा म्हणून, नाहीतर सती म्हणून. जखमीला पाणी पाजणारी, त्याची जखम बांधणारी बाई त्या काळीही असणारच, पण पाथरवटाची छिन्नी तिच्याकडे सहसा वळली नाही.

पहिल्या महायुद्धानंतर स्मारकाचे रूप पालटले. ज्या गावांतून भरती झाली त्यांपैकी अनेक गावांत ब्रिटिश सरकारने पाट्या बसवल्या. गावातून किती माणसे महायुद्धावर गेली आणि त्यांतली किती कामी आली, एवढाच त्यांवरचा मजकूर. आकडा आला, माणूस आला नाही. सातारा तालुक्यातील अपशिंगे गावचे ४६ जवान या युद्धात कामी आल्याची नोंद आहे. तेथेही स्मारक उभारले गेले, आणि सैन्यात जाण्याची परंपरा घरोघर टिकल्यामुळे गावाचे नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ पडले. त्या युद्धात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कूत शहराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये पडलेला वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला. तोवर उपासमार आणि रोगराईने सैन्याची दैना झाली होती. अशा वेळी शुश्रूषेचे मोल काय, हे वेगळे सांगायला नको.

भारतातील लष्करी शुश्रूषासेवेचा आरंभ १८८८ मध्ये मुंबईत उतरलेल्या दहा ब्रिटिश परिचारिकांपासून मानतात. १९२६ मध्ये ‘इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस’ स्थापन झाली आणि १९४३ च्या वटहुकुमाने परिचारिकांना अधिकाऱ्यांचा दर्जा मिळाला. मुलकी बाजूला सांगली जिल्ह्यातील मिरज महत्त्वाचे. डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय तेथे १८९४ मध्ये सुरू झाले आणि पुढे परिचारिकांचे शिक्षणही त्याच्याशी जोडले गेले.

परिचारिका शिल्पात कशी दाखवावी, हा कलावंतापुढचा खरा पेच. लढाईला एक क्षण असतो, तो दगडात पकडता येतो. रात्रपाळी कशी कोरणार? लंडनमध्ये १९१५ मध्ये बसवलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या पुतळ्यात ए. जी. वॉकर यांनी तो पेच हातात दिवा देऊन सोडवला. पण तो दिवा जुन्या ग्रीक-रोमन घाटाचा आहे. क्रिमियन युद्धात त्यांनी जेथे शुश्रूषा केली त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात वापरात होता तो घडीचा तुर्की कंदील. वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम युद्धातील स्त्रियांच्या स्मारकात (१९९३) ग्लेना गुडएकर यांनी दिवा वगैरे काही घेतले नाही. एकीच्या मांडीवर जखमी सैनिक आहे, दुसरी आभाळाकडे पाहते आहे, तिसरी गुडघे टेकून हातातल्या रिकाम्या शिरस्त्राणाकडे बघते आहे. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने हे शिल्प जास्त प्रामाणिक आहे.

महाराष्ट्रात सार्वजनिक जागी पुतळा बसवायचा तर शासनाच्या नियमांनुसार परवानगी लागते. ओतकामाआधी मातीचे नमुनाशिल्प कला संचालनालयाकडून मान्य करून घ्यावे लागते. रुग्णालयाच्या आवारात आणखी एक अडचण येते. उंच चौथरा आणि भोवती कठडा ही आपल्याकडची नेहमीची रीत तेथे गैरसोयीची ठरते, कारण स्ट्रेचर, रुग्णवाहिका आणि डबे घेऊन थांबलेले नातेवाईक यांनाही तीच जागा लागते. बुटका चौथरा आणि त्याला लागून बसायचा कट्टा ही मांडणी अशा ठिकाणी सोयीची. पुष्पचक्र वाहण्याचे दिवस सैनिकांसाठी ठरलेले आहेत, २६ जुलै (कारगिल विजय दिवस) आणि १६ डिसेंबर (विजय दिवस). परिचारिकांचा १२ मे (आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन).